उजव्या हाताचं चैत्रांगण

या सदरातले अनुभव मी गेली तीन वर्षं नेमानं वाचतोय आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा गालातल्या गालात हसत वाचतोय. राग मानू नका, माझं कामच तसं आहे. एका विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक क्लेम विभागात. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि मग कागद मागायचे. त्यामुळे 'मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं' असं कोणी लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो, चष्मा लावला होता का?

तर आता माझी पाळी. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी तुमच्याच पंगतीतला आहे.

आधी जागा सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या डोळ्यांसमोर ओसाड बंगला वगैरे यायला नको. जयपूर, मुरलीपुरा. सीकर रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत दुमजली घर. खाली घरमालकांचं कुटुंब, वर आम्ही भाडेकरू. मागे नटबोल्टचा छोटा कारखाना आहे, त्याच्या पत्र्यावर दुपारी एक मोर येऊन बसतो आणि ओरडतो. यापलीकडे त्या घरात गूढ असं काहीही नाही. पाणी एक दिवसाआड येतं, तेवढंच.

मी सांगलीचा, बायको मिरजेची. बदलीनं इथे आलो त्याला सहा वर्षं झाली. मुलगी शर्वरी बंगळुरूला नोकरी करते. बायकोचं नाव वैजयंती, सगळे वैजू म्हणतात. वय अठ्ठेचाळीस. इथल्या शाळेत गणित शिकवते, आणि डावखुरी आहे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

वैजू अकरा महिन्यांची असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि हिला वाढवलं आईच्या धाकट्या बहिणीनं. या मावशी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या. त्यांनी पुढे लग्नच केलं नाही. मिरजेत बालवाडी चालवली, भाचीला शिकवलं, माझ्याशी लावून दिलं. आईचा फोटो म्हणाल तर एकच, तिच्या लग्नातला. आईनं आपल्याला घेतलंय असा एकही फोटो नाही, हे वैजू वर्षातून एकदा तरी बोलायची. कोणाच्या बारशाचा अल्बम बघून आली की त्या दिवशी हमखास.

दुसरी गोष्ट रांगोळीची. वैजू सहा वर्षांची असताना चैत्रात मावशी अंगणात रांगोळी काढत होत्या, तर हिनं डाव्या हातात चिमूट घेतली. मावशींनी त्या हातावर चापट मारली. देवापुढे डावा हात चालत नाही. झालं. बाईसाहेबांनी त्यानंतर चाळीसएक वर्षं रांगोळीला हात लावला नाही. दिवाळीत आमच्या उंबऱ्यावर स्टिकर असतो. मावशी दर वर्षी न चुकता पार्सल पाठवतात, मेतकूट, हळदकुंकू आणि पांढऱ्या रांगोळीचं पाकीट. मेतकूट संपतं. पाकिटं न फोडता देवाच्या कपाटात जातात.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत होतं. आम्हीही वर होतो. वैजू म्हणाली, "अहो, पोटरीत काहीतरी वळवळतंय." मी बघितलं. कातडीखाली खरंच हालचाल होत होती... दूध उकळायच्या आधी पातेल्यात हलतं ना, तशी. मी म्हटलं, कॅल्शियम कमी असेल. मग ते मांड्यांत आलं, दंडात आलं. जानेवारीच्या थंडीत तिला घाम फुटायला लागला, उशी पिळावी इतका. आणि झोप उडाली. आधी चार तास, मग दोन, मग फेब्रुवारीच्या मध्यापासून बिलकुल नाही. झोपेच्या गोळ्यांनी ती नुसती झिंगायची, झोपायची नाही. एकाच महिन्यात तिचे गाल बसले. वर्गात फळ्यासमोर उभी राहून कोणाशी तरी बोलायला लागली, तेव्हा शाळेनं तिला रजा दिली.

एका डॉक्टरनं मेनोपॉज म्हटलं, दुसऱ्यानं डिप्रेशन. तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की मानसिक आजार आहे, लांबेल. शर्वरी फोनवर रडायची, "बाबा, आईला मतलब अजिबातच झोप नाही? असं कसं होऊ शकतं?" आठवडाभर येऊनही गेली बिचारी. खालच्या मंजू भाभी, म्हणजे घरमालकांच्या सूनबाई, फार मायेच्या. त्यांनी चौमू गावाकडच्या एका बाबांचं नाव सांगितलं, झाडा लावतात म्हणे, म्हणजे मंत्र म्हणून बाधा उतरवतात. मी त्यांच्यावर खेकसलो. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला एकच दिसत होतं, वैजू माझ्या हातातून सुटत चालली होती. रोज थोडी थोडी.

मार्चमध्ये एकदाचे आम्ही योग्य माणसाकडे पोचलो. न्यूरॉलॉजिस्ट, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी वैजूच्या दंडाकडे पाच मिनिटं नुसतं बघितलं, मग सुया टोचून स्नायूंची तपासणी केली आणि म्हणाले, "ये दिमाग़ की कमज़ोरी नहीं है।" त्यांना संशय होता एका दुर्मीळ आजाराचा. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. रक्त दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. ते म्हणाले की काही जणांमध्ये यामागे कुठेतरी गाठ लपलेली असते, कॅन्सरची. शरीर त्या गाठीशी लढायला जातं आणि मार नसांना बसतो. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ होता, मेंदूचा एमआरआय स्वच्छ होता. रिपोर्ट आला की पुढचे स्कॅन ठरवू, तोवर स्टेरॉइड सुरू करू.

मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला असं काही? हिची आई लवकर गेली म्हणता, कशानं?

मी ताडकन उत्तर दिलं, "ताप." मला खात्री होती, कारण लग्नानंतर वैजूची पहिली पॉलिसी मीच काढली होती. प्रपोजल फॉर्मवर कुटुंबाच्या आरोग्याचा रकाना असतो, तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं... आई, मृत्यूचं कारण, ताप. आमच्या खात्यातला माणूस कागदावर विसंबतो. स्वतः भरलेल्या कागदावर तर जास्तच.

स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन त्यांनी घरी पाठवलं. त्या दिवसांत वैजूची एक वेगळीच अवस्था सुरू झाली होती. ती जागी नसायची आणि झोपलेलीही नसायची. उशांना टेकून बसलेली, डोळे अर्धे उघडे, ओठांवर जराशी ओळखीची हसरी रेषा. आणि हात चालू असायचे. हवेत. काहीतरी उचलायचे, सोडायचे, वळायचे. हाक मारली तर "हं" म्हणायची आणि परत तिकडे जायची. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात असं होतं, झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पडते, स्वप्न हातांतून बाहेर येतं. कोणी कपड्यांच्या घड्या घालतं, कोणी चहा गाळतं.

मी तिच्या शेजारी बसून ऑफिसच्या फायली बघायचो. कूलरमधल्या वाळ्याचा वास, खिडकीच्या पडद्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, मागे नटबोल्टच्या मशीनची एकसुरी घरघर, मध्येच मोर. खोलीत वेळ पुढे जातच नसे. कधी कधी मला वाटायचं की आम्ही दोघंही झोपलोय आणि हे तिसऱ्याच कोणाला तरी दिसतंय. माझ्यासारख्याला असं वाटावं म्हणजे काय ते समजून घ्या.

गणगौरीच्या दिवशी, म्हणजे चैत्रातल्या इकडच्या गौरीच्या सणाला, खाली सकाळपासून बायकांची गाणी चालली होती. दुपारी मंजू भाभी नवी चुनरी ओढून, हातभर मेंदी लावून प्रसाद घेऊन वर आल्या. मी खेकसलो होतो ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. वैजूच्या हातांकडे बघत त्या पलंगाशी उभ्या राहिल्या.

"भाईसाब, भाभीजी मांडणा मांड रही हैं क्या?" त्या म्हणाल्या. मांडणा म्हणजे इकडे गेरूच्या जमिनीवर खडूच्या पाण्यानं काढतात ते चित्र. मग त्यांनीच मान हलवली. "नहीं... मांडणे में तो उँगली चलती है। इन्होंने तो चुटकी पकड़ रखी है। और सीधे हाथ से?"

मी चमकलो. चौदा दिवस मी त्या हातांकडे बघत होतो, आणि क्लेम विभागातल्या या हुशार माणसाला दिसलं नव्हतं की डावा हात मांडीवर स्वस्थ पडलाय. जे काय चाललं होतं ते उजव्या हातानं. अंगठा आणि पहिली दोन बोटं जुळवलेली, मनगट सैल. मग मला ती चिमूट ओळखू आली. लहानपणापासून दारोदार बघितलेली.

का केलं ते आजही सांगता येणार नाही, पण भाभी गेल्यावर मी देवाच्या कपाटातून मावशींचं एक पाकीट काढून फोडलं. शर्वरीचा शाळेतला ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर होता, त्यावर लाल कागद लावला. बोर्ड तिच्या मांडीवर ठेवला आणि वाटीतली रांगोळी तिच्या हाताखाली धरली. हात आपणहून वाटीत गेला.

रेघ पडली. एकसारखी, बारीक, कुठेही न तुटणारी. अंगावर काटा आला म्हणायची पद्धत आहे, पण मला तेव्हा काटा वगैरे आला नाही. मला फार बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हाताच्या हालचालीला काहीतरी अर्थ दिसत होता. आणखी एक गोष्ट... कातडीखालची ती वळवळ, जी तिच्या अंगभर दिवसरात्र चालायची, ती त्या हातात तेवढ्यापुरती थांबली होती.

पाऊण तासात बोर्डावर चैत्रांगण उभं राहिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते असं आपल्याकडे मानतात, आणि ती असेपर्यंत दारात ही रांगोळी काढतात. वर आंब्याचं तोरण, मधे झोपाळ्यात बसलेली गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, हत्ती, कासव, तुळशीवृंदावन, फणी-करंडा. सगळं होतं. शेवटी गौरीच्या मांडीपाशी तिनं आणखी काहीतरी बारीकसं काढलं आणि मी वाकून बघायच्या आत तळहाताच्या कडेनं पुसून टाकलं. मग हात खाली पडला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. साधारण तीन वाजता, तेच चित्र, त्याच क्रमानं, आणि शेवटी मांडीपाशी तो पांढरा फराटा. मी रोज आधीची रांगोळी चाळून वाटीत भरून ठेवायचो. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले की लहानपणी शिकली असेल. मी म्हटलं, असेल.

मावशींना मी खरं काही सांगितलं नव्हतं. पासष्टीच्या बाई, गुडघे गेलेले, एवढ्या लांब येणार कशा? अशक्तपणा आहे एवढंच कळवलं होतं. सातव्या दिवशी त्यांचा मेसेज आला, चैत्रगौर बसवलीत का म्हणून. मला काय वाटलं कोण जाणे, मी आदल्या दिवशीच्या रांगोळीचा फोटो पाठवून दिला. खाली लिहिलं, वैजूनं काढली.

दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"श्रीकांतराव, ते कासव कुणी काढलंय?"

"वैजूनं, मावशी. सगळंच तिनं काढलंय."

"वैजूनं नाही." त्यांचा आवाज कापत होता. "असलं मान वळवून मागं बघणारं कासव आमच्यात एकच माणूस काढायचं. मला खरं सांगा काय चाललंय. कुठंय ती?"

तीन वाजून गेले होते. वैजूचा हात चालू होता. मी फोनचा कॅमेरा तिच्याकडे वळवला. पलीकडे मावशींनी तिचा चेहरा बघितला, हाडं वर आलेली, आणि तोंडावर पदर धरला. मग त्यांचं लक्ष हाताकडे गेलं. मी फोन तसाच धरून ठेवला. झोपाळा पुरा झाला, गौर पुरी झाली. हात गौरीच्या मांडीपाशी आला आणि या वेळी मला दिसलं. एक लहानसा गोल, त्याला एक आडवा थेंब. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

तळहात पुसायला वळला.

"ताई!" मावशी फोनमधून ओरडल्या. "ताई, राहू दे गं! पुसू नकोस... राहू दे."

हात थांबला. बोर्डापासून बोटभर वर. मी मोजलं नाही, पण चार-सहा श्वास तरी तो तसाच हवेत होता. मग तो हळूच मागे आला आणि वैजूच्या छातीवर, अगदी मधोमध, मिटलेल्या मुठीसारखा जाऊन बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. चेहऱ्यावर मात्र तीच हसरी रेषा.

मावशी रडत होत्या. रडतच म्हणाल्या, "अस्साच... अस्साच हात ठेवायची ती."

"कोण, मावशी?"

"ताई. हिची आई. ती तापानं नाही गेली हो."

मग जे त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. वैजू माघात झाली. पहिलटकरीण म्हणून तिची आई मिरजेला माहेरी आली होती, चैत्रापर्यंत राहिली. एका सकाळी अंगणात दोघी बहिणीच होत्या. ताई चैत्रांगण काढत होती आणि तिनं गौरीच्या मांडीवर बाळ काढलं. सोळा वर्षांच्या मावशींना ते बरं दिसेना. गौरीच्या मांडीवर बाळ नसतं, अपशकुन होईल, पुस ते. ताई हसली, म्हणाली, बरं बाई, आणि तळहातानं पुसून टाकलं. दुसऱ्या कोणी ते बघितलं नाही. दिवाळीनंतर ताईची झोप गेली. घामानं अंथरूण भिजायचं, अंगात किडे वळवळतात म्हणायची. छातीवर हात ठेवून सांगायची, इथं कुणीतरी मूठ आवळून बसलंय. घरच्यांनी वेड लागलं असं ठरवलं, मांत्रिक झाले, गंडेदोरे झाले. पौषात ती गेली. शेवटी शेवटी तिचे हातसुद्धा असेच चालायचे, हवेत.

"वेड्या आईची पोर म्हणून हिचं लग्न अडलं असतं," मावशी म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांनी ताप म्हणायचं ठरवलं. तुम्हालाही तेच सांगितलं, हिलाही. आणि मी... ते बाळ मीच पुसायला लावलं, श्रीकांतराव. एवढी वर्षं तेच डोळ्यांपुढं येतंय."

मला त्यांना काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे माझा तो फॉर्म होता. आई, मृत्यूचं कारण, ताप. डॉक्टरांना ठासून सांगितलं होतं मी.

मी तडक डॉक्टरांना फोन लावला. रांगोळीबद्दल अक्षर काढलं नाही, फक्त आईचा आजार सांगितला. आधी खोटं सांगितल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. "छाती के बीच में कहती थीं? मुट्ठी?" म्हणाले, "रिपोर्ट का इंतज़ार नहीं करते। कल सुबह ख़ाली पेट ले आइए, सीटी कर लेते हैं।"

गाठ तिथेच होती. छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, लिंबाहून थोडी मोठी. साध्या एक्स-रेत ती हृदयाच्या सावलीत लपली होती. थायमोमा म्हणतात त्याला, थायमस ग्रंथीचा कॅन्सर. सर्जननं चित्र दाखवून सांगितलं की गाठ मोठ्या शिरेला टेकली आहे, अजून आत शिरलेली नाही. हे 'अजून' त्यांनी दोनदा म्हटलं.

मग सगळं धडाधड झालं. मशीनवर रक्तातलं पाणी बदलायचे पाच दिवस, म्हणजे नसांवर उलटलेली ती द्रव्यं काढून टाकायची. मग ऑपरेशन. शर्वरी येऊन राहिली. मंजू भाभी दोन वेळचा डबा पाठवायच्या आणि सांगायच्या, आपके यहाँ तो गौर माता अभी पीहर में है, ख़ाली हाथ नहीं जाएगी. पीहर म्हणजे माहेर. मी या वेळी खेकसलो नाही. डब्याला नाही म्हणायची हिंमत नव्हती, असं समजा. लॅबचा रिपोर्ट लांबत लांबत ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी आला, डॉक्टरांना जे वाटलं होतं तेच. बोर्डावरच्या त्या दिवसानंतर तिचा हात हवेत पुन्हा उठला नाही.

आयसीयूमधून खोलीत आणल्यावर एका दुपारी ती बोलता बोलता थांबली. मी घाबरून वाकलो. झोपली होती. साधी झोप, तोंड जरासं उघडं, बारीक घोरतही होती. मी नर्सला बोलावलं, तिनं मशीन बघितलं आणि मला हातानंच गप्प राहायला सांगितलं. मी खुर्चीत बसून ते घोरणं ऐकत राहिलो. पंचवीस वर्षं ज्या घोरण्यावरून मी तिला चिडवत आलो, ते ऐकून मला हुंदका आवरेना, खोटं कशाला बोलू?

चौदा तासांनी तिनं डोळे उघडले.

"किती झोपले हो मी?"

"चौदा तास."

"एवढंच?" ती म्हणाली. "मला महिनाभर माहेरपण करून आल्यासारखं वाटतंय."

मी मावशींना फोन करून सांगितलं, वैजू झोपली, उठली, बोलली. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "काल दुपारी झोपली म्हणता ना? काल अक्षय तृतीया होती. गौर काल परत जाते." मी कॅलेंडर तपासलं. होती.

आता माझं काम. क्लेम आला की तो फोडून बघायचा. घरी आल्यावर मी हे प्रकरण तसंच फोडून बघितलं.

आजाराचं सगळं समजावून सांगता येतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. हातांचं हलणंही त्यातच बसतं. आईला तोच आजार असेल का? ते म्हणाले, असेलही, पण हा आजार आईकडून मुलीकडे येत नाही, योगायोग म्हणा. आणि रिपोर्ट आल्यावर सीटी आपण केलाच असता. बरोबर आहे. तेवढ्या आठवड्यांत ती गाठ कुठपर्यंत गेली असती, ते मी त्यांना विचारलं नाही. वैजू लहानपणी मावशींचं बघून शिकली असेल? मावशींचं कासव सरळ बघतं, मी मुद्दाम काढून घेतलं. कुणी तिला आईच्या कासवाबद्दल, त्या बाळाबद्दल सांगितलं असेल? बघणाऱ्या दोघी. एक वारली आणि दुसरीनं अपराधी वाटून कधी तोंडातून शब्द काढला नाही. दोन महिन्यांच्या पोरीनं दुपट्यातून बघून लक्षात ठेवलं असेल? हा प्रश्न मी डॉक्टरांना खरंच विचारला. ते हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं.

आणि उजवा हात. बऱ्या झालेल्या वैजूच्या उजव्या हातात मी एकदा रांगोळी दिली. तिला धड चिमूटही धरता येईना, सगळी सांडली. "अहो, काय पोरखेळ लावलाय," म्हणून वैतागली. तिला त्या दिवसांतलं काहीही आठवत नाही.

तिला सगळं मी नाही, मावशींनी सांगितलं. गुडघे धरत धरत जयपूरला आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि आईच्या तापापासून सगळं सांगून टाकलं. दार बंद होतं, दोघी बराच वेळ आत होत्या. या वर्षीच्या चैत्रात त्या इथेच होत्या. गणगौरीच्या सकाळी दारात पाट टाकून बसल्या, वाटी वैजूपुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घे. तुझ्या हातानं काढ. डाव्या." वैजूनं काढली. हत्ती डुकरासारखा आला, कासवाची भाकरी झाली. मंजू भाभी हसून हसून लोळल्या. मावशी बोटानं एकही रेघ सुधारायला गेल्या नाहीत.

त्या सातव्या दिवशीच्या बोर्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, बाळ न पुसलेला. वैजूनं तो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि हॉलमध्ये आईच्या लग्नातल्या फोटोशेजारी लावला. येणारेजाणारे विचारतात, ही कसली रांगोळी? चैत्रांगण, असं मी सांगायला जातो.

वैजू मला थांबवते. फ्रेमजवळ जाते, झोपाळ्यातल्या गौरीच्या मांडीवरच्या त्या लहानशा गोलावर बोट ठेवते आणि म्हणते, "ही मी. आणि ही आई. आमचा दोघींचा एवढा एकच फोटो आहे."

मी अठ्ठावीस वर्षं लोकांचे कागद तपासतोय. हा खोटा आहे म्हणायला माझ्याकडे काहीही नाही.